आधी चांगला हात

निवृत्त होणाऱ्या ग्रंथपालांचं भाषण संपलं, सगळे टाळ्या वाजवत उठले, तीही खुर्चीचे दोन्ही हात धरून, अंगाचा भार रेटत उठायला गेली, आणि अर्ध्यातच उजवं कोपर तिच्याखालून निघून गेलं. दुखलं असं नाही. जिन्याला अजून एक पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि खाली काहीच नसावं, तसं झालं. आत काहीतरी सरकलं, परत जागेवर आलं, आणि ती धपकन खुर्चीत बसली. शेजारची कारकून बाई हसून म्हणाली, "भाषण एवढं आवडलं? अजून बसायचंय?" तीही हसली आणि बसल्या बसल्या टाळ्या वाजवत राहिली. एकमेकांवर आपटणाऱ्या आपल्या तळहातांकडे ती बघत होती. डावा आपला होता. उजवा कुणीतरी वापरायला दिलेला असावा, कधीही परत मागतील, असा दिसत होता. मनातल्या मनात तिने मोजलं. हे सातव्यांदा.

सहा वेळा काय काय झालं होतं ते तिला तारखांसकट पाठ होतं. ती काचकाम करायची. रसायनशाळेच्या तळमजल्यावरच्या कार्यशाळेत, ज्योतीसमोर बसून, शास्त्रज्ञांना लागणारी आणि बाजारात न मिळणारी भांडी फुंकून द्यायची. तीन तोंडांचे फ्लास्क, नळीच्या पोटात नळी असलेले कंडेन्सर, कागदावर काढून आणलेल्या विचित्र आकृत्या. डाव्या हाताने नळी वरून धरायची, उजवा तळहात आभाळाकडे करून खालून पेलायची, आणि दोन्ही हात एकाच गतीने फिरवत राहायचे. गती चुकली की वितळलेली काच लगेच पीळ दाखवते. काच चुगली करते, असं बाबा म्हणायचे. अकरा महिन्यांपूर्वी एक तयार फ्लास्क तिने उजव्या तळहातावर घेतला, हात लांब करून फळीवर ठेवायला गेली आणि हात मध्येच रिकामा झाला. फुटलेली काच तिने स्वतःच गोळा केली. तुकडे झाडताना तिच्या डोक्यात एकच वाक्य होतं, आणि ते तिचं नव्हतं. "हाताने राजीनामा दिला बघ." हातातलं भांडं पडल्यावर हे बाबा म्हणाले होते, याच कार्यशाळेत, याच फळीसमोर, सत्तावीस वर्षांपूर्वी. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, त्यांच्या हाताखाली शिकत होती, आणि हसली होती.

बाबा तेव्हा बावन्न वर्षांचे होते. आधी भांडी पडली, मग शर्टाची बटणं हट्ट करायला लागली, मग अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला मऊ उंचवटा बसत गेला आणि तिथे खळगा पडला. ते हाडांच्या डॉक्टरकडे गेले. हाडांच्या डॉक्टरने चिठ्ठी दिली. चिठ्ठी घेऊन ते मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे गेले, बरोबर तीही होती. त्या डॉक्टरने हात बघितले, गुडघ्यावर हातोडी मारली आणि शेवटी म्हणाला, "जीभ बाहेर काढा." बाबांनी लहान मुलासारखी जीभ बाहेर काढली. डॉक्टर बघत राहिला. फार वेळ बघत राहिला. जीभ इतका वेळ बघण्यासारखी वस्तू नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं. एकेक स्नायू झिजवत नेणाऱ्या, जिभेवरही दिसणाऱ्या त्या आजाराची पुढची अडीच वर्षं त्या बघण्यातूनच निघाली. काम बाबांनी लगेच सोडलं नाही. तिच्या शेजारी स्टुलावर बसायचे, दोन्ही हात मांडीवर नुसते ठेवलेले, आणि तोंडाने सांगायचे, "फिरव, फिरव, थांबू नकोस, आता श्वास. एवढाच. बास." तिला जे काही येत होतं त्यातलं निम्मं तिने त्यांचे हात बघून शिकलेलं होतं आणि निम्मं त्या आवाजावरून. मग आवाजही गेला, आणि शेवटी बाबाही.

म्हणून ती कुणाला काही बोलली नव्हती. नवऱ्याला एवढंच माहीत होतं की कोपर अधूनमधून कुरकुरतं. "वयाचं असेल," तो म्हणाला होता, आणि एक मलम आणून दिलं होतं. आईला तर काहीच माहीत नव्हतं. आई त्यांच्याकडेच राहायची, चौऱ्याहत्तर वर्षांची, त्या अडीच वर्षांबद्दल चकार शब्द न काढणारी. घरात भांडी लावताना ती जड काही असलं की डाव्या हाताने घ्यायची आणि आईकडे पाठ करायची. बाथरूममध्ये कडी लावून अंगठ्याजवळचा तो उंचवटा चाचपायची. बसलाय का? कालपेक्षा कमी आहे का? रोज चाचपलेल्या गोष्टीचं काहीच कळत नाही. आरशासमोर जीभ मात्र तिने एकदाही बाहेर काढली नव्हती.

निरोपसमारंभाच्या दुसऱ्या दिवशी तिने हाडांच्या डॉक्टरची वेळ घेतली. ही पळवाट होती, हे तिला कळत होतं. जिथे जायला हवं होतं तिथे जायचं धैर्य नव्हतं, म्हणून ती शेजारच्या दारात चालली होती. शिवाय बाबाही आधी तिथेच गेले होते. एखाद्याच्या पावलावर पाऊल ठेवणं म्हणतात ते हेच असेल, असं फोन ठेवताना तिला वाटलं. नवरा म्हणाला, "मी येतो बरोबर." ती म्हणाली, "कोपर दाखवायला कशाला दोघं?" तरी तो आला.

डॉक्टर साठीच्या पुढचे होते. कानात पांढरे केस, शर्टाच्या खिशात चष्मा आणि डोळ्यांवर दुसरा. खोलीत एक उंच पलंग, एक टेबल, हात असलेली खुर्ची, आणि भिंतीवर कोपराचं चित्र. त्यात हाडं पिवळी होती आणि त्यांना बांधणाऱ्या पट्ट्या पांढऱ्या. नवऱ्याला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. तिची जुनी फाइल नव्हती, एक्स-रे नव्हता. तिला वाटलं, आता तपासण्यांची यादी लिहून देतील आणि आजचा दिवस निभावेल. पण ते उठले, सिंकवर हात धुतले, पुसले आणि एकमेकांवर चोळायला लागले.

"माझे हात गार असतात, आधीच सांगतो. दोन्ही बाह्या वर करा."

"दुखणं उजव्यात आहे."

"हो. पण आधी चांगला हात. कुणाचे सांधे जन्मतःच सैल असतात, कुणाचे घट्ट. तुमचं मूळ मोजमाप मला डाव्याकडूनच कळणार."

त्यांनी डावा हात घेतला. इतक्या महिन्यांत त्या हाताकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, तिनेही नाही. तो बिचारा दोघांचं काम करत होता. डॉक्टरांनी तो सरळ केला, पूर्ण वाकवला, तळवा वर-खाली फिरवला. कोपराच्या मागची तीन हाडांची टोकं तीन बोटांनी एकदम दाबून बघितली, कुलूप चाचपावं तशी. मग कोपर किंचित वाकवून एका हाताने दंड धरला, दुसऱ्याने मनगट, आणि हात बाहेरच्या बाजूला हलकेच ढकलला. मग आतल्या बाजूला. काही झालं नाही. झालं नाही हेच ते बघत होते. तिला आठवलं, नवं भांडं देण्याआधी ती असंच जोड न जोड बोटांनी फिरून बघते. डोळ्यांना न दिसणारी चीर नखाला लागते. या माणसाचं काम आपल्यासारखंच आहे, असं तिला वाटलं आणि त्याचा थोडा आधार वाटला, थोडी भीतीही. कारण अशा बोटांपासून काही लपत नाही.

"आता उजवा. कधी पडला होतात?"

"नाही."

"आठवून बघा. हात टेकून?"

"नाही," ती म्हणाली, आणि मग, "म्हणजे हो. गेल्या वर्षी. कार्यशाळेच्या पायऱ्या धुतल्या होत्या, त्यावर घसरले. पण त्याचा एक्स-रे चांगला आला होता. दोन आठवडे हात गळ्यात होता, मग बरा झाला."

"आणि हे निघून जाणं त्याच्या आधी कधी झालं होतं?"

ते पडणं तिने केव्हाच आवरून ठेवून दिलं होतं. ती एक किरकोळ, लाजिरवाणी, बरी झालेली गोष्ट होती. त्यानंतर दोन महिन्यांनी फ्लास्क पडला ती गोष्ट दुसरी, बाबांची. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्यात असं तिला कधी सुचलंच नव्हतं. "नाही," ती हळू म्हणाली. "आधी नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. उजव्या हाताचीही तीच फेरी झाली. बाहेरच्या बाजूला ढकलला तेव्हा तो डाव्यासारखाच घट्ट राहिला. आतल्या बाजूला ढकलला तेव्हा किंचित, कागदभर, काहीतरी उघडलं. तेवढंच. त्यांनी तिला पलंगावर उताणं झोपवलं, उजवा हात डोक्यावरून मागे घेतला, तळवा बाहेर वळवून ठेवला, आणि मनगटाकडून कोपराकडे दाब देत हात अगदी सावकाश वाकवायला लागले. छताला एक लांब दिवा होता, त्याच्या आत एक मेलेली माशी. ती माशीकडे बघत होती. हात थोडा वाकला, अजून थोडा वाकला, आणि काही घडायच्या आधीच तिने डोळे घट्ट मिटले. "नको," ती म्हणाली आणि हात ओढून घेतला.

ते लगेच थांबले. "दुखलं?"

"नाही."

"मग?"

"वाटलं, जाईल."

ते कागदावर काहीतरी लिहायला लागले आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुखत नाही, सूज नाही, नुसतं वाटलं म्हणून हात ओढून घेतला. आता ते म्हणतील, मनाचे खेळ आहेत. किंवा म्हणतील, हाडात काही नाही, आणि चिठ्ठीचा कागद ओढतील. तिने उठून बसत म्हटलं, "माफ करा. पुन्हा करू या, मी गप्प पडते."

"गप्प कशाला पडता? मला पाहिजे होतं ते मिळालं." त्यांनी चष्मा बदलला. "मी तुमच्या कोपराकडे बघतच नव्हतो. तुमच्या तोंडाकडे बघत होतो. हा सांधा खरंच निसटायला लागला की जागं माणूस आधी घाबरतं. दुखणं मागून येतं, कधी येतही नाही. ही भीती आम्ही खूण म्हणून लिहून घेतो. उगाच वाटलं असं नाही ते."

भीती ही खूण. अकरा महिने तिने भीतीलाच आजार धरलं होतं, लपवलं होतं, तिच्याकडे पाठ केली होती, आणि हा माणूस ती तारखेसह कागदावर लिहीत होता, ताप लिहावा तशी. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीच्या हातांवर तळवे आतल्या बाजूला वळवून हातांच्या जोरावर उठायला सांगितलं. ती उठायला लागली, कोपर सरळ होत आलं आणि पुन्हा तीच नसलेली पायरी. ती थांबली. त्यांनी पुन्हा तोंडाकडे बघितलं. मग तिला टेबलाजवळ उभं केलं. उजव्या हाताने टेबलाची कड धरायची, कोपर बाहेरच्या बाजूला, आणि अंगाचा भार देत छाती हळूहळू टेबलाकडे न्यायची. ती वाकली. अर्ध्याच्या जरा अलीकडे भीती आली आणि तिने भार काढून घेतला.

"आता पुन्हा तेच. पण या वेळी मी इथे अंगठा ठेवतो."

त्यांनी तिच्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला, जरा पुढे, एका हाडाच्या गोल डोक्यावर अंगठा टेकवला आणि घट्ट दाबून धरला. ती वाकली. अर्ध्यावर आली. तिने दात आवळले. काही आलं नाही. ती अजून वाकली, पुढे गेली, टेबलाचा लाकडी वास नाकात येईपर्यंत खाली गेली, आणि तिच्या अंगाचा सगळा भार त्या हातावर होता आणि हात तिथेच होता. तिचा होता. ती तशीच थांबली, टेबलावर ओणवी, एका अनोळखी म्हाताऱ्याचा अंगठा कोपराला लागलेला, आणि तिला वर यायची अजिबात घाई नव्हती.

"आता काढतो हं," डॉक्टर म्हणाले. अंगठा निघाला, भीती जशीच्या तशी परत आली. पुन्हा ठेवला, गेली.

"एकदा आणखी," ती म्हणाली.

त्यांनी आणखी एकदा करून दाखवलं. मज्जातंतूंची गोष्ट अंगठ्याने थांबत नाही, हे कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती. ते चित्रावर बोट ठेवून सांगत होते. बाहेरच्या बाजूची ही पट्टी, लिगामेंट म्हणतात, ती पडलात तेव्हा तुटली असणार. हाडं शाबूत होती म्हणून एक्स-रे चांगला आला. एक्स-रेत पट्ट्या दिसत नाहीत. हात लांब करून, तळवा वर करून भार दिला की हे गोल डोकं मागे सरकतं. माझा अंगठा त्या पट्टीचं काम करत होता, बाकी काही नाही. एमआरआय काढू, पण ऑपरेशन करून नवी पट्टी बसवावी लागेल असं दिसतं. काम चारसहा महिने बंद. ती ऐकत होती, म्हणजे शब्द कानावर पडत होते. आत एक जुनी, चिवट शंका अजून उभी होती, पाहुणे गेले तरी न उठणाऱ्या माणसासारखी. पट्टी तुटली असेल. ठीक आहे. पण दोन्ही असू शकतं. माणसाला एका वेळी एकच गोष्ट होते असा काही नियम नाही. हे विचारलं नाही तर आज रात्री पुन्हा बाथरूमची कडी लागेल.

"माझे वडील," तिने सुरुवात केली, आणि मग सगळं सांगितलं. फ्लास्क, बटणं, खळगा, जीभ. हे सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत, याचं तिला आश्चर्य वाटलं.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, तळवे वर, तळवे खाली. अंगठ्याजवळचे उंचवटे आलटून पालटून दाबले. बोटं फाकवून मिटायला लावली, त्यांच्या बोटाला खेचायला लावली. दंड, मांड्या उजेडात नीट बघितल्या. हातोडीने कोपरं, गुडघे, घोटे ठोकले. आणि मग, ज्याची ती सत्तावीस वर्षं वाट बघत होती ते वाक्य, अगदी सहज, "जीभ बाहेर काढा."

तिने डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं. तिने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. बाबांच्या वेळी ती किती मोजू शकली असती? चाळीस? शंभर?

"घ्या आत," डॉक्टर म्हणाले. ती नवावर होती. "तुमच्या वडिलांच्या आजाराची एकही खूण मला सापडली नाही. आयुष्यभराची हमी मी कुणालाच देत नाही, स्वतःलाही नाही. तो आजार बहुतेक वेळा एकट्यालाच होतो, क्वचित घराण्यात येतो. तुम्हाला बोलायचं असेल त्या तज्ज्ञांशी तर नाव देतो, घाई काही नाही. पण हे कोपर पायऱ्यांवरून आलंय, वडिलांकडून नाही. आणि बाई, जीभ बघताना डोळे मिटले तरी चालतं, पण श्वास घ्यायचा असतो."

तेव्हा तिने श्वास घेतला. त्याबरोबर एक प्रचंड जांभई आली, आवरता न येणारी, डोळ्यांतून पाणी काढणारी, आणि तिच्यामागून दुसरी. सुटका अशी असते हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं हलकं वाटेल. तिला झोप येत होती आणि भूक लागली होती, दोन्ही एकदम.

बाहेर नवरा तिची पिशवी मांडीवर घेऊन मणक्याच्या चित्राखाली बसला होता. "काय म्हणाले?"

"लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन. चारसहा महिने काम बंद."

"अगं मग हसतेस काय?"

तिने रस्त्यावर आल्यावर सांगितलं, फुटपाथच्या कडेला, सायकलींच्या रांगेजवळ. तो ऐकता ऐकता उभा राहिला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग परत आला, पण पूर्ण नाही. "अकरा महिने," तो म्हणाला. "मी रोज विचारायचो काय झालंय. तू म्हणायचीस झोप झाली नाही. मी तुला उशी बदलून आणली." सगळ्यांना वाचवतोय असं समजून तिने त्याला अकरा महिने दाराबाहेर उभं केलं होतं, मलम आणि उशी घेऊन. तिने डाव्या हाताने त्याचा हात धरला. थोडं पुढे गेल्यावर तो पुटपुटला, "चांगली महाग उशी होती," आणि तिच्याकडे न बघता तिचा हात दाबला.

घरी आई स्वयंपाकघरात खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. तिने उभ्याउभ्याच सांगितलं, आवाज शक्य तितका साधा ठेवून. पडले होते ना मागे, तेव्हाचं, कोपरातली एक पट्टी तुटलीय, शिवतील. आईचे हात थांबले. आईने तिच्याकडे बघितलं नाही, शेंगांकडे बघितलं.

"बाकी?" आई म्हणाली.

"बाकी काही नाही."

"नीट बघितलं त्यांनी? सगळं?"

"जीभसुद्धा."

आईने सोललेले दाणे एका बाजूला सारले, सालं दुसऱ्या बाजूला, मग दोन्ही परत एकत्र केले. आईला माहीत होतं. किती दिवसांपासून, कशावरून, हे विचारायची गरजच नव्हती. पाठ फिरवून लावलेली भांडी आई मोजत बसली होती. आईचेही अकरा महिने असेच गेले होते, त्याच घरात, भिंतीच्या पलीकडे. तिला आईच्या पायाशी बसावंसं वाटलं, पण त्यांच्यात तशी पद्धत नव्हती. म्हणून ती पाणी प्यायला वळली, आणि सिंक गळत होतं म्हणून खाली ठेवलेली, भरलेली बादली उजव्या हाताने बाजूला ओढायला वाकली.

"तो हात लावू नकोस," आई म्हणाली. "आत्ता डॉक्टरने सांगितलं ना? का तिथे सोडून आलीस कान? ओल्या पायऱ्यांवरून धावतं का कुणी एवढं घोडं झाल्यावर? आणि वर्षभर अंगावर काढायचं, घरात दोन माणसं आहेत त्यांना विचारायचं नाही. सकाळी जेवली नाहीस ती नाहीसच. केस बघ काय झालेत."

ती बादलीची कडी सोडून उभी राहिली. बाबांची चिठ्ठी घरात आली त्या दिवसापासून आई त्यांना कधी रागावली नव्हती. ओला टॉवेल, उशीर, सांडलेला चहा, सगळं त्यांना माफ झालं होतं, आणि एकदा ते तिला हळूच म्हणाले होते की तुझी आई ओरडत नाही गं आता, फार शांत शांत वाटतं घरात. आणि या घरातही गेलं वर्षभर शांतता होती. तिला ती आईच्या वयामुळे वाटली होती. आता आई टॉवेलांवर आली होती, मग नवऱ्याच्या चपलांवर, मग फोन न उचलण्याच्या सवयीवर, आणि आवाज हळूहळू पूर्वीच्या पट्टीला लागत होता.

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "आई रागावतेय."